खरात मॅडम आणि दुपारी तीनची चाचणी

सुजाता खरात कुठल्याही चालू यंत्राजवळ गेली की आधी त्याला हात लावून बघायची. स्टाफरूममधला फ्रिज, कॅन्टीनवाल्याचा मिक्सर, प्राचार्यांच्या टेबलावरचा लॅपटॉप, माझी स्कूटी. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तशी हाताची मागची बाजू हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायची आणि निकाल सांगायची. "ठीकय." नाहीतर, "हे नुसती वीज खाऊन राह्यलंय, काम कमीच करून राह्यलं."

जालन्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती इलेक्ट्रॉनिक्सला रुजू झाली तेव्हा मी तिथे गणित शिकवून दहा वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली, माझ्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली, पर्स ठेवली आणि नाव सांगायच्या आधी भिंतीला लावलेल्या माझ्या चार्जरला हात लावला. मग सरळ तो उपसून माझ्या वहीवर ठेवला.

"मॅडम, हा बदला. चांगला न्हाई हा."

मला राग आला. ओळख ना पाळख, आणि बाई माझा चार्जर उपसते! मी तिच्यादेखत तो परत लावला. तिसऱ्या दिवशी, मी वर्गावर असताना त्या चार्जरने धूर सोडला आणि शिपायाने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. मी परत आले तेव्हा माझ्या टेबलावर नवा चार्जर होता. बाई शेजारी शांतपणे पेपर तपासत बसलेली. "सांगितलं होतं" हे शब्द तिने तेव्हाही काढले नाहीत आणि नंतरही कधी नाहीत. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

दिसायला ती ठेंगणी, गोल चेहऱ्याची. चष्म्याची दोरी कायम गळ्यात. पंजाबी ड्रेसला दोन्ही बाजूंनी मोठाले खिसे ती शिंप्याकडून मुद्दाम शिवून घ्यायची. एका खिशात पेचकस आणि चिमटा, दुसऱ्यात लिमलेटच्या गोळ्या. पोरांनी चांगला प्रश्न विचारला की गोळी मिळायची. उत्तर बरोबर आलं तर काही नाही. "उत्तरं पुस्तकात हायेत, त्याला काय गोळी द्यायची?" असं तिचं म्हणणं. खरात हे तिचं माहेरचं आडनाव. लग्नानंतर ते का बदललं नाही असं प्राचार्यांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "सर, डिग्री मिळवताना मिस्टर ओळखीचे नव्हते."

तीर्थपुरीला तिच्या वडिलांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, बारशी, एप्रिलमधली जयंती, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे आबांचे कर्णे. तिचं बालपण त्या कर्ण्यांमागे गेलं. ती सांगायची की एकदा घनसावंगीला एका सभेत पाहुण्यांनी सांगितलं, "आवाज वाढवा." आबांनी वाढवला. आणखी वाढवा म्हणाले, आणखी वाढवला. शेवटी कर्ण्यातून नुसतं खरखर घरघर येऊ लागलं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून आबांना म्हणाली, "बाबा, बोलणारा कोण हाये, बाई का गडी, तेवढं तरी कळू दे!" सगळी सभा हसली. आबा इतके ओशाळले की घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ॲम्प्लिफायर उघडला आणि पोरीला शेजारी बसवून घेतलं. दोघांनी मिळून तो चार दिवस खोलला आणि जोडला. "मोठं करणं सोपं हाये," असं आबा तेव्हा म्हणाले होते म्हणे, "तसंच्या तसं मोठं करणं अवघड."

पुढे ती जे शिकली ते हेच होतं. फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहरी आल्या. मोबाइलच्या टॉवरवरून सिग्नल हवेत सुटतो, त्याआधी शेवटच्या टप्प्यावर तो मोठा करावा लागतो. तो मोठा करणारा ॲम्प्लिफायर बनवणं हा सुजाताचा विषय. मी गणितवाली, मला यातलं काही कळत नव्हतं. पण तिच्या शेजारी बसून न कळणं शक्यच नव्हतं. डबा खाता खाता, बसची वाट बघता बघता ती समजावून सांगायची.

"हे बघ शोभा, त्याच्याकडून दोन कामं पाह्यजेत. एक, आत आलं तसंच बाहेर जायला पाह्यजे, फक्त मोठं होऊन. दोन, वीज वाया न्हाई गेली पाह्यजे. आता गंमत अशी की ही दोन कामं एकमेकीच्या झिंज्या उपटतात. त्याला आरामात चालवला तर इमानदारीत वागतो, पण निम्म्याहून जास्त विजेची नुसती गरमी करतो. कस लावून चालवला तर वीज वाचवतो, पण सिग्नलचे उंच उंच शेंडे छाटून टाकतो."

"मग छाटले तर छाटले. काय बिघडतं?"

"अगं, छाटलेलं गप बसत न्हाई ना. ते शेजारी जाऊन पडतं. तुझ्या मोसंबीला पाणी सोडलंय आणि बांध फुटून शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं, तर शेजारी गप बसंल का? हवेत प्रत्येकाचा वाफा ठरलेला हाये. आपलं पाणी आपल्याच वाफ्यात राह्यलं पाह्यजे."

वर्गातही ती असंच शिकवायची. इंग्रजी शब्द सगळे जागच्या जागी असायचे, पण त्यांच्यामधली भाषा घरची. दोन ट्रान्झिस्टर जोडून बनवलेला एक खास प्रकारचा ॲम्प्लिफायर असतो. त्यातला एक कायम काम करतो आणि दुसरा फक्त सिग्नल मोठा आला की जागा होतो. हे ती दोन जावांवरून सांगायची. थोरली रोजचा स्वयंपाक एकटी रेटते, धाकटी निजलेली असते. पाहुण्यांची बैलगाडी दारात आली की धाकटी पदर खोचून उठते. मग दोघींच्या हातून पन्नास माणसांचं जेवण होतं, आणि एरवी एकाच चुलीचं सरपण लागतं. "सगळी कला धाकटीला बराबर टाइमावर उठवण्यात हाये," ती म्हणायची. "लवकर उठवली तर सरपण वाया. उशिरा उठवली तर पाहुणे उपाशी."

एकदा विद्यापीठाची समिती तपासणीला आली होती. दोन सदस्य तिच्या तासाला मागच्या बाकावर बसले आणि नेमका त्याच वेळी जावांचा विषय चालू होता. त्यातल्या एका बाईंच्या कपाळावर आठ्या पडलेल्या मी दारातून पाहिल्या. तास संपल्यावर त्यांनी एका मुलीला उभं करून इंग्रजीत अवघड प्रश्न विचारला. ती पोरगी जांब समर्थ या खेड्यातली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. तिने इंग्रजीत, न अडखळता, आकृती काढून उत्तर दिलं. बाई खूश झाल्या. जाताना हसत सुजाताला म्हणाल्या, "आणि तुम्ही घरी कोणती जाऊ?"

"धाकटी," सुजाता म्हणाली. "तुमच्यासारखे पाहुणे आले तरच उठते."

तिच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी पुण्याच्या एका लहानशा कंपनीने तिला काम दिलं. गोदाकाठच्या ज्या गावांना इंटरनेट धड पोचत नाही, तिथे छोटे टॉवर उभे करायचे होते. सोलर पॅनल आणि बॅटरीवर चालणारे. ढगाळ हवेतही दिवसचे दिवस चालायला हवेत, म्हणून वीज कमी खाणारा ॲम्प्लिफायर हवा. आणि सिग्नल स्वच्छ हवा. सुजाताची दोन भांडकुदळ कामं, तीही एकदम. ज्या गावी पहिला टॉवर होणार होता ते तीर्थपुरीपासून हाकेवर. तिथल्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंना जालन्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं, तर शाळेच्या गच्चीवर चढून फोन हवेत धरावा लागायचा. सुजाताने ते स्वतः पाहिलं होतं. "गरोदर बाईला जिना चढवून गच्चीवर नेत्यात गं," एवढंच ती म्हणाली आणि तिने काम घेतलं.

पहिले दोन महिने ट्रान्झिस्टर जाळण्यात गेले. तो ट्रान्झिस्टर मोठा नाजूक. आधी त्याच्या एका पायाला विजेचा उलटा दाब द्यायचा, म्हणजे तो बंद राहतो, आणि मग दुसऱ्या पायाला वीज सोडायची. क्रम चुकला की खलास. सुजाताचा क्रम कधी चुकला नाही. पण जालन्याची वीज गेली, आणि आली ती दोन्हीकडे एकदम आली. टक्कन आवाज झाला. प्रयोगशाळेत मुलं भोवती उभी. मग तिने चिमट्याने तो मेलेला ट्रान्झिस्टर काढला, खिशातून रुमाल काढून पुसला, पेढ्याच्या एका रिकाम्या डब्यात ठेवला आणि डब्यावर पेनाने लिहिलं, "गुरुजन".

"याने काय शिकवलं?" तिने मुलांना विचारलं.

"वीज जाऊ शकते, मॅडम."

"न्हाई. वीज परत येऊ शकते." आणि ज्याने पुढे "मग परत येताना क्रम कोण सांभाळणार?" असं विचारलं त्याला दोन गोळ्या मिळाल्या. तो क्रम सांभाळणारं छोटं सर्किट त्याच आठवड्यात झालं. तरी त्या डब्यात आणखी चार गुरुजन दाखल झालेच, प्रत्येक जण वेगळा धडा देऊन.

मी यात ओढली गेले ते गणितामुळे. ॲम्प्लिफायर सिग्नल वाकडा करणारच, मग तो कसा वाकडा करतो ते मोजून आधीच उलट्या बाजूने वाकवलेला सिग्नल आत सोडायचा, म्हणजे बाहेर सरळ निघतो. "गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असंल तर शिंपी काय करतो? शर्टच तसा बेततो," ती म्हणाली. "मला तो बेत काढून दे." तो बेत म्हणजे एक लांबलचक बहुपदी. मी रोज दोन तास तिच्या मोजमापांवर बसू लागले. चौदा वर्षं फळ्यावर सोडवलेलं गणित पहिल्यांदा कुठेतरी कामाला लागत होतं. खरं सांगायचं तर मी त्या दिवसांत फार सुखात होते.

एप्रिलअखेर ॲम्प्लिफायर तयार झाला. स्पेक्ट्रम ॲनालायझर म्हणून एक यंत्र असतं, त्याच्या पडद्यावर आपला सिग्नल सपाट माथ्याच्या टेकडीसारखा दिसतो. टेकडीच्या दोन्ही बाजूंची जमीन जितकी खाली, तितकं शेजाऱ्याकडे कमी सांडतंय. आमची जमीन अगदी खाली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

फक्त एक घोटाळा होता. तो कळायला मे उजाडावा लागला. सकाळी सगळं झकास असायचं आणि दुपारी बाजूची जमीन हळूहळू वर यायला लागायची. तीन वाजता तर कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेच्या वर. आणि कंपनीचे साहेब तपासणीला येणार होते त्याच आठवड्यात.

पाठक नावाचे ते साहेब चांगले माणूस होते, मोकळे बोलणारे. त्यांनी सकाळी दहाला आकडे पाहिले आणि खूश झाले. "झालं, मॅडम. रिपोर्ट करून टाकू."

"थांबा ना सर," सुजाता म्हणाली. "जेवण करा. दुपारी तीनला परत बघू."

"कशाला? दिसतंय की सगळं."

"दुपारी बिघडतो तो."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. प्राचार्य खोकले. पाठकसाहेब समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, चाचणी पंचवीस डिग्रीला घ्यायची असा नियम आहे. एसी लावा, दार बंद करा. नियमात बसतंय. कामाचा दुसरा टप्पा मंजूर होईल, मग तुम्ही निवांत सुधारा."

"नियमात बसंल," सुजाता म्हणाली. "पण टॉवरवर एसी न्हाई ना, सर. तिथं पत्र्याची पेटी हाये आणि वर ऊन. मी पंचवीसला दाखवते, तुम्ही सही करता, आणि मे महिन्यात दुपारी ते बंद पडलं, तर ती नर्सबाई काय नियम घेऊन बसंल का?"

तीन वाजता तिने स्वतः एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि सगळ्यांना पडद्यापुढे उभं केलं. बाहेर त्रेचाळीस डिग्री असेल. आमच्या डोळ्यांदेखत ती बाजूची जमीन चढत गेली आणि मर्यादेची रेघ ओलांडून वर आली. सुजाताने तो आकडा मोठ्याने वाचला, रिपोर्टात "नापास" असं लिहिलं आणि खाली सही केली. पाठकसाहेबांनी घाम पुसला. म्हणाले, "मी कंपनीला काय सांगू?"

"खरं सांगा. आणि एक महिना मागा."

महिना मिळाला. पण कॉलेजात वातावरण गढूळ झालं. प्राचार्य मला एकटीला गाठून म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीला जिंकायचं असतं हे तरी कळतं का?" मीही मनातून चिडलेच होते. त्यात सुजाताने दोष शोधताना पहिलं बोट माझ्यावर ठेवलं.

"तुझा बेत थंड हवेतला हाये," ती म्हणाली. "सकाळच्या मापावर काढलाय. दुपारी खांदा बदलतो."

"मग तू मला दुपारची मापं का दिली नाहीस?"

"दिली होती."

"तीन दिली होतीस! तीन मापांवर शर्ट शिवतात?"

तसं भांडण आमचं आधी कधी झालं नव्हतं. भर प्रयोगशाळेत, मुलांसमोर. मी माझी वही उचलून निघून आले. नंतर चार दिवस आम्ही स्टाफरूममध्ये शेजारी बसून एकमेकींशी बोललो नाही. ती तिचा डबा खायची, मी माझा. मधल्या फटीतून मला तिच्या डब्यातल्या जवसाच्या चटणीचा वास यायचा आणि आणखी राग यायचा.

पाचव्या दिवशी मी तास संपवून आले तर ती स्टाफरूमच्या दारातच उभी. केस विस्कटलेले, नाकावर चष्मा तिरका. मला बघताच हसायला लागली. हसता हसता खालीच बसली.

"शोभा, तुझं गणित बराबर होतं गं. मीच गाढव."

"काय झालं?"

"चल, दाखवते."

गरमी वाढली की ट्रान्झिस्टरचा स्वभाव थोडा बदलतो, हे तिला अर्थातच माहीत होतं. त्यासाठी तिने उष्णता मोजणारा एक बारकासा सेन्सर बसवला होता. सेन्सर गरमी सांगणार आणि त्याप्रमाणे सर्किट धाकट्या जावेची उठायची वेळ आपोआप सावरणार. पण बसवताना जागा सापडली नाही म्हणून तो सेन्सर लागला गरमी बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या अगदी कडेला, पंख्याच्या झोतात. ट्रान्झिस्टर तापून लाल व्हायचा आणि सेन्सरला गार वारा लागत असायचा. तो बिचारा सांगत होता, सगळं ठीक आहे.

"ताप कोणाला आलाय आणि थर्मामीटर कोणाच्या काखेत ठिवलाय बघ!" ती म्हणाली. "आणि मी तुझ्याशी भांडून राह्यले."

"कळलं कसं?"

"पंखा बंद पडला आज. म्हटलं, आता मेलं सगळं. तर आकडा सुधारला! वारा थांबला, तसा सेन्सर तापला आणि त्याला खरं कळलं." तिने मला कोपराने ढोसलं. "तू असती तर तवाच म्हणाली असती, सेन्सर कुठं हाये. तुला काही येत न्हाई ना यातलं, म्हणून तू साधं विचारती."

हे कौतुक की काय, मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्या दुपारी तिने ज्वारीची भाकरी आणि ती जवसाची चटणी माझ्यापुढे ठेवली. माफी अशी शब्दांत मागितली नाही. सेन्सर काढून ट्रान्झिस्टरला खेटून बसवला, मी दुपारची चाळीस मापं घेऊन नवा बेत काढला, आणि आम्ही पाठकसाहेबांना बोलावलं.

या वेळी चाचणीची जागा तिने निवडली. कॉलेजच्या गच्चीवर जुन्या सामानाची पत्र्याची खोली होती. जूनचा पहिला आठवडा, पावसाचा पत्ता नाही, वेळ दुपारी तीनची. आत उभं राहवत नव्हतं. पाठकसाहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता, प्राचार्य दारातूनच रुमालाने वारा घेत होते. सुजाता मात्र लग्नघरातल्या यजमानीणबाईसारखी सगळ्यांना ताक वाटत होती. "घ्या सर, घ्या, टेकडी दिसतीय का?"

टेकडी दिसत होती, आणि बाजूची जमीन खाली होती. अर्धा तास गेला, तास गेला, तिथेच खाली. वीज किती लागते ते मोजलं, तेही ठरवल्यापेक्षा कमी. मी पाठकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत पडदा पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, सही करू का आता? नाहीतर मीच नापास होईन इथं."

"शेजाऱ्याच्या कांद्यात थेंब न्हाई," सुजाता मला हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. घाम आहे असं तिने मला नंतर सांगितलं.

दिवाळीनंतर टॉवर उभा राहिला. उद्घाटनाला आम्ही दोघी घनसावंगीहून जीपने गेलो, तिने वाटेत तीर्थपुरीला आबांना बरोबर घेतलं. आबा आता थकलेले, एका कानाने कमी ऐकणारे, पण टोपी कडक. गावात सरपंचांनी नारळ फोडला. उपकेंद्राच्या खोलीत नर्सबाई टेबलापुढे बसल्या, समोर एक पोटुशी बाई खुर्चीत नीट बसलेली, आणि पडद्यावर जालन्याच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, "पायावर सूज आहे का?" त्या बाईने पदर सावरून जागच्या जागी पाय दाखवला. डॉक्टरांनी पाहिलं, गोळी लिहून दिली. संपलं. पाच मिनिटांचं काम.

बाहेर आबा त्या टॉवरखाली उभे राहून वर बघत होते. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग कानामागे हात धरून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"सुजे," ते म्हणाले, "एवढा खर्चा केला लोकांनी. आवाज कुठंय?"

सगळं गाव हसलं. सुजाता हसली नाही. तिने आबांचा हात धरून त्यांना खोलीच्या खिडकीशी नेलं आणि पडद्यावरच्या डॉक्टरीणबाई दाखवल्या. "हा बघा आवाज. जालन्याहून आलाय." आबा खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले. डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटशी बोलत होत्या. आबांनी ते सगळं ऐकून घेतलं, नीट, दुसरा कान लावून. मग वळून म्हणाले, "बाई हाये बोलणारी. साफ कळतंय." आणि टोपी काढून डोकं खाजवत उगाचच दूर जाऊन उभे राहिले.

त्या कामानंतर तिचं नाव झालं. गेल्या वर्षी हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं. जावं की नाही यावर तिने मला महिनाभर छळलं. शेवटी मीच म्हणाले, "जा बाई. इथे आता तुझ्याशी कोण वाद घालणार?" ती म्हणाली, "तू." मी म्हणाले, "मी फोनवर घालीन."

जालना स्टेशनवर तिला सोडायला गेले तेव्हा गाडीला अर्धा तास होता. सामानात एक जड लाकडी पेटी होती, आणि पेटी बघून रेल्वे पोलिसातला एक हवालदार आमच्याकडे आला. मध्यम वयाचा, मिशीवाला, जरा करड्या आवाजाचा.

"काय हाये यात?"

दुसरी कोणी असती तर "कॉलेजचं सामान" म्हणून मोकळी झाली असती. सुजाताने पेटी उघडली. आत फोममध्ये बसवलेले बोर्ड होते. आणि तिने सुरुवात केली. सिग्नल म्हणजे काय, तो मोठा का करायचा, बांध कसा फुटतो, कांद्यात पाणी कसं जातं. हवालदार आधी इकडेतिकडे बघत होता. मग त्याने काठी बगलेत धरली. मग तो पेटीपुढे उकिडवा बसला. दोन जावांपर्यंत गोष्ट पोचली तेव्हा तो हसला, आणि गाडीची घोषणा झाली तेव्हा हमालाला बाजूला सारून ती पेटी त्याने स्वतः डब्यात चढवली.

मी तिला मिठी मारायची ठरवून आले होते. बोलायचं काय तेही रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं. पण ती दारात उभी राहून त्यालाच सांगत होती, एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हाताची बोटं हवेत टेकडी काढताहेत. गाडी हलली. तो तिच्याबरोबर चालू लागला. ती वाकून बोलतेय, तो मान हलवत चालतोय, मग जरा पळतोय, मग आणखी पळतोय. फलाटाच्या टोकाला पोचेपर्यंत तिचं चालूच होतं. माझ्याकडे बघून हात हलवायचा राहिला तिचा. मी हात वर करून उभी होते ती तशीच उभी राहिले आणि एकटीच हसू लागले.

थोड्या वेळाने हवालदार धापा टाकत परत आला. त्याने माझ्याजवळ थांबून मिशीवरचा घाम पुसला.

"मॅडम परत कधी येणार हायेत?" त्याने विचारलं. "एक शंका राह्यली माझी."